दोन लॅब, दोन रिपोर्ट : गाठ फायब्रॉइडची की स्ट्रोमल ट्यूमरची?

प्रश्न : माझी ताई ४२ वर्षांची आहे. पाळीत अंगावरून फार जायचं म्हणून दुर्बिणीतून तिची ६ सेंटिमीटरची फायब्रॉइडची गाठ काढली, गर्भाशय ठेवलं. गाठ तुकडे करून बाहेर काढली होती. पहिल्या लॅबचा रिपोर्ट ‘सेल्युलर लायोमायोमा’, म्हणजे साधी गाठ, असा आला. डॉक्टरांना शंका आली म्हणून काचा दुसरीकडे पाठवल्या. तिथून ‘एंडोमेट्रियल स्ट्रोमल ट्यूमर, सीडी१० पॉझिटिव्ह, नोड्यूल की लो ग्रेड सार्कोमा हे सांगता येत नाही’ असं आलं. उजव्या अंडाशयातही ४ सेंटिमीटरची घट्ट गाठ दिसते आणि सोनोग्राफीत ‘फायब्रोथेकोमा?’ असं लिहिलंय. आता गर्भाशय आणि दोन्ही अंडाशये काढायला सांगतायत. लगेच करावं का? आणखी कोणत्या तपासण्या हव्यात? अंडाशयात तेच पसरलंय का? मला किंवा माझ्या मुलीला धोका आहे का?

उत्तर : सगळ्यात आधी एक काम, आणि ते आजच करा. ताईंची गाठ ज्या लॅबमध्ये पहिल्यांदा गेली तिथे फोन करून विचारा की फॉर्मॅलिनमधला उरलेला भाग अजून ठेवलाय का. गाठ लॅबमध्ये आली की सगळीच्या सगळी काचेवर जात नाही. निवडक तुकडे मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवतात, बाकीचा भाग बरणीत राहतो आणि रिपोर्ट दिल्यानंतर काही आठवड्यांत त्याची विल्हेवाट लावतात. ब्लॉक वर्षानुवर्षं टिकतात, बरणी टिकत नाही. ती अजून असेल तर ‘फेकू नका, तपासणी पूर्ण झालेली नाही’ असं लेखी कळवा. ताईंच्या सर्जननी कळवलं तर जास्त चांगलं.

दोन रिपोर्ट वेगळे आले म्हणजे कुणी निष्काळजीपणा केला असं लगेच समजू नका. या दोन गाठी एकमेकींची हुबेहूब नक्कल करतात. गर्भाशयाच्या अस्तरात ग्रंथींच्या मधे भरलेल्या पेशी असतात, त्यांना स्ट्रोमा म्हणतात. स्ट्रोमल ट्यूमरमध्ये याच लहान, गोलसर, गडद केंद्रकाच्या पेशी दाटीने वाढतात आणि बारीक रक्तवाहिन्यांभोवती गरगर फिरल्यासारख्या मांडलेल्या दिसतात. सेल्युलर लायोमायोमा ही स्नायूची साधी गाठ, पण पेशी इतक्या दाट की नजरेला तसंच चित्र दिसतं. अनुभवी डोळा मग फरकाच्या जागा शोधतो. स्नायूच्या गाठीत जाड भिंतीच्या मोठ्या रक्तवाहिन्या असतात, मधूनमधून अरुंद फटी असतात आणि कडेला गाठीच्या पेशी शेजारच्या स्नायूत हळूहळू मिसळतात. स्ट्रोमल गाठीत वाहिन्या बारीक आणि एकसारख्या असतात.

सीडी१० हे पेशींतलं एक प्रथिन, काचेवर खास रंग लावला की ते दिसतं. ते पॉझिटिव्ह आलं, एवढ्यावर स्ट्रोमल ट्यूमर ठरत नाही, आणि नेमका इथेच पुष्कळ रिपोर्टांचा घोळ होतो. स्नायूच्या गाठीही पुष्कळदा सीडी१०चा रंग घेतात. उलट स्ट्रोमल गाठीत थोडा डेस्मिन आणि बऱ्यापैकी स्मूथ मसल अ‍ॅक्टिन, ही स्नायूची प्रथिनं, उमटू शकतात. म्हणून सीडी१०, डेस्मिन, एच-कॅल्डेस्मॉन, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर, सायक्लिन डी१ असा संच एकत्र लावतात. त्यात एच-कॅल्डेस्मॉनला, म्हणजे स्नायूच्याच आणखी एका प्रथिनाला, आम्ही जास्त वजन देतो : तो सगळीकडे ठळक उमटला तर गाठ स्नायूची, सीडी१० सगळीकडे ठळक आणि कॅल्डेस्मॉन कोरा असेल तर स्ट्रोमल. दुसऱ्या लॅबने फक्त सीडी१० केलं असेल तर ते निदान अर्धवट आहे, असं डॉक्टरांना स्पष्ट विचारायला संकोचू नका.

आता नोड्यूल की सार्कोमा. नोड्यूल निरुपद्रवी असतो. लो ग्रेड एंडोमेट्रियल स्ट्रोमल सार्कोमा हा कॅन्सर असतो, सावकाश वाढणारा, पण १०-२० वर्षांनीही परतू शकणारा. गंमत नाही, पण या दोन्हींच्या पेशी अगदी एकसारख्या दिसतात. फरक फक्त काठावर आहे. नोड्यूलचा काठ शेजारच्या स्नायूला ढकलत गोलाकार थांबतो. कुठे जेमतेम दोन-तीन ठिकाणी बोटासारखा पुढे आला तर चालतो, तेही ३ मिलिमीटरच्या आत, आणि रक्तवाहिनीत शिरकाव अजिबात नको. सार्कोमा मात्र जिभा काढत स्नायूच्या धाग्यांमधून घुसतो. गर्भाशय कापल्यावर कधीकधी नुसत्या डोळ्यांनी ते दिसतं : पिवळसर मऊ गाठीपासून थोड्या अंतरावर, स्नायूतल्या फुगलेल्या शिरांमधून त्याच पिवळसर रंगाचे लांबट, लवचिक गोळे चिमट्याने ओढून काढता येतात. ते दिसले की मायक्रोस्कोपआधीच पॅथॉलॉजिस्ट सावध होतो.

म्हणूनच क्युरेटिंगच्या, म्हणजे गर्भाशयाचं अस्तर खरवडून काढलेल्या, तुकड्यावरून नोड्यूल की सार्कोमा हे कुणीच सांगू शकत नाही. तुकडे करून काढलेल्या गाठीतही तीच अडचण येते, काठच हरवतो. ताईंच्या रिपोर्टात ‘सांगता येत नाही’ असं लिहिलंय ते प्रामाणिक उत्तर आहे. तरी हातात काही उरलंय. बरणीतल्या तुकड्यांपैकी ज्यांना एका बाजूला गाठ आणि दुसऱ्या बाजूला स्नायू आहे ते सगळे वेचून ब्लॉक करायला हवेत. ६ सेंटिमीटरच्या गाठीतून दोन-तीनच ब्लॉक घेतले असतील तर ते अपुरे आहेत. दर सेंटिमीटरला किमान एक हा साधा हिशोब, आणि काठ तर जेवढा मिळेल तेवढा. एका तुकड्यात जरी स्नायूत घुसलेल्या जिभा किंवा शिरेत बसलेली गाठ सापडली तरी सार्कोमा ठरला. पण सापडली नाही म्हणून नोड्यूल ठरत नाही. हा एकतर्फी पुरावा आहे, तो उलट बाजूने वाचू नका.

जनुकीय तपासणीबद्दल कुणी सुचवेल, आणि ती करावी असंच आमचं मत आहे, पण ती कशाचं उत्तर देते ते आधी समजून घ्या. लो ग्रेड सार्कोमांपैकी साधारण निम्म्यांत जेएझेडएफ१ आणि एसयूझेड१२ ही दोन जनुकं तुटून एकमेकांना जोडलेली सापडतात. हा जोड मिळाला तर गाठ स्ट्रोमल आहे, स्नायूची नाही, हा वाद मिटतो. पण तोच जोड नोड्यूलमध्येही असतो. तेव्हा ‘फ्यूजन पॉझिटिव्ह, म्हणजे कॅन्सर’ असं कुणी म्हणालं तर ते चूक. आणि निगेटिव्ह आला तरी स्ट्रोमल ट्यूमर रद्द होत नाही, कारण पीएचएफ१सारख्या जनुकांचे दुसरे जोडही असतात. फिश, म्हणजे चमकता रंग लावून जनुक तुटलंय का ते पाहणारी तपासणी, शोधायला सांगितलेल्या जनुकापुरतीच पाहते. आरएनएवर, म्हणजे जनुकांच्या पेशीतल्या नकलेवर, आधारित पॅनेल एकदम अनेक जोड शोधतं. पर्याय असेल तर पॅनेल मागा.

या पॅनेलचं आणखी एक कारण आहे. हाय ग्रेड, म्हणजे वेगाने वाढणाऱ्या, स्ट्रोमल सार्कोमाच्या एका प्रकारात वायडब्ल्यूएचएई जनुकाचा जोड असतो आणि त्या गाठीत दोन भाग असू शकतात. एक गोल पेशींचा आक्रमक भाग : त्यात सीडी१० आणि हॉर्मोन रिसेप्टर कोरे, सायक्लिन डी१ मात्र ७० टक्क्यांहून अधिक केंद्रकांत ठळक. दुसरा भाग लांबट पेशींचा, शांत दिसणारा, सीडी१० आणि रिसेप्टर घेणारा. ब्लॉक नेमके शांत भागातूनच घेतले गेले तर रिपोर्ट ‘लो ग्रेड’ येतो आणि गाठ मात्र तशी वागत नाही. कमी ब्लॉकांवर आमचा एवढा रोख आहे तो यामुळे. बीकॉर जनुकाचे जोड असलेला आणखी एक हाय ग्रेड प्रकार आहे; तो चिकट, बुळबुळीत पार्श्वभूमीमुळे स्नायूच्या मिक्सॉइड सार्कोमासारखा दिसतो आणि सीडी१० त्यातही उमटतो.

सामान पाठवताना काय पाठवायचं, तेही नीट सांगतो. स्त्रीरोगाच्या गाठी रोज पाहणाऱ्या एकाच पॅथॉलॉजिस्टकडे सगळं जाऊ द्या : पहिल्या लॅबच्या सगळ्या मूळ काचा, गाठीचे सगळे ब्लॉक, दोन्ही रिपोर्ट, गाठ नुसत्या डोळ्यांनी कशी दिसली ते वर्णन, सर्जनची ऑपरेशन नोट आणि सोनोग्राफी. नुसत्या काचा पाठवल्या तर हवे ते सगळे नवे रंग लावता येत नाहीत, आणि दुसऱ्या लॅबच्या बाबतीत बहुधा तेच झालं असावं. ब्लॉक उन्हातल्या गाडीत ठेवू नका, मेण मऊ पडतं. ऑपरेशनआधी ताईंनी रक्तस्राव थांबवायला प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या किंवा हॉर्मोनची इंजेक्शनं घेतली असतील तर त्यांची नावं आणि तारखा लिहून द्या. या औषधांनी पेशींचं रूप पालटतं आणि सांगितलं नाही तर पाहणाऱ्याची दिशाभूल होते.

हे सगळं व्हायला दोन-तीन आठवडे लागतील. लो ग्रेड गाठीच्या बाबतीत एवढा वेळ परवडतो आणि तो घ्यावाच, कारण दुसरं ऑपरेशन कोणतं आणि किती मोठं हे त्या निदानावर ठरणार आहे. मात्र रिपोर्टात नेक्रोसिस म्हणजे पेशींचा मृत भाग, भरपूर मायटोसिस म्हणजे पेशींचं विभाजन किंवा ‘हाय ग्रेड’ हे शब्द असतील, किंवा एमआरआयमध्ये पुन्हा गाठ दिसली, तर थांबू नका. कॅन्सर सर्जनकडे त्याच आठवड्यात जा.

एमआरआय काँट्रास्टसह, ओटीपोटाचा करून घ्या. गर्भाशयात काही उरलंय का, शिरांच्या वाटेने किड्यांसारखे लांबट पट्टे दिसतात का, हे त्यात पाहतात. डिफ्युजन या एमआरआयच्या एका प्रकारच्या चित्रात गाठ चमकली म्हणून घाबरू नका, दाट पेशींची साधी गाठही चमकते. सोबत छातीचा सीटी, कारण स्ट्रोमल सार्कोमा परतला तर फुप्फुसात जाण्याची त्याची सवय आहे आणि आजचा कोरा सीटी पुढे तुलनेला लागतो. ऑपरेशनआधीच्या सोनोग्राफीचा कागदही जपून ठेवा. सार्कोमा निघाला तर पहिल्या स्टेजचे पोटभेद ५ सेंटिमीटरच्या मापावर पडतात आणि तुकडे झालेली गाठ आता मोजता येणार नाही.

अंडाशयाकडे येऊ. ४ सेंटिमीटरच्या घट्ट गाठीला सोनोग्राफीत ‘फायब्रोथेकोमा?’, म्हणजे अंडाशयाची बहुधा साधी गाठ, म्हणणं हा अंदाज आहे, निदान नाही. मुख्य शक्यता चार. गर्भाशयाला देठाने लटकलेली गाठ अंडाशयासारखी भासत असेल. एमआरआयमध्ये गर्भाशयातून तिच्याकडे जाणाऱ्या वाहिन्या दिसल्या की ते उघड होतं. खरोखरच फायब्रोमा असेल, जो एमआरआयच्या टी२ चित्रात काळाकुट्ट दिसतो आणि निरुपद्रवी असतो. ग्रॅन्युलोसा सेल ट्यूमर, म्हणजे अंडाशयाचा एक कॅन्सर, असेल, ज्यात बहुतेक वेळा लहान-लहान पोकळ्या आणि आत जुनं रक्त दिसतं, पण कधी तो पूर्ण घट्टही असतो. आणि शेवटची शक्यता, गर्भाशयातला स्ट्रोमल सार्कोमाच तिथे पोहोचला असेल. नुसत्या फोटोवरून यातलं काही ठामपणे नाकारता येणार नाही.

ग्रॅन्युलोसाचा विचार गंभीरपणे करायचं कारण म्हणजे तो इस्ट्रोजेन बनवतो. ताईंना जास्त रक्तस्राव होत होता तो सगळा फायब्रॉइडमुळेच असेल असं गृहीत धरू नका. गर्भाशयाचं अस्तर जाड झालं असेल तर त्याची बायोप्सी ऑपरेशनआधी व्हायला हवी. अंडाशयातून येणाऱ्या इस्ट्रोजेनमुळे अस्तरात हायपरप्लासिया म्हणजे पेशींची जादा वाढ किंवा कॅन्सरही होऊ शकतो, आणि तो आधी कळला तर ऑपरेशनची आखणी बदलते.

रक्ताच्या तपासण्यांत इनहिबिन बी, एएमएच, इस्ट्राडिओल (ही अंडाशयाची हॉर्मोनं) आणि एफएसएच (अंडाशयाला चालना देणारं मेंदूतल्या ग्रंथीचं हॉर्मोन) करा. चेहऱ्यावर अचानक केस येणं, आवाज घोगरा होणं असं काही असेल तर टेस्टोस्टेरॉनही. ताईंची पाळी चालू आहे, म्हणून हे आकडे सरळ वाचता येत नाहीत. निरोगी अंडाशयही इनहिबिन बनवतंच. रक्त पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवशी द्या आणि तारीख कागदावर लिहा. इनहिबिन बी खूप वर आणि एफएसएच दबलेला, असं एकत्र दिसलं तर ग्रॅन्युलोसाचा संशय बळावतो. सगळं सामान्य आलं तर मात्र गाठ साधी ठरत नाही. केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर किमान ३ दिवस आधी बंद करा आणि लॅबला सांगा : काही मशिनवर बायोटिनमुळे इनहिबिन आणि एएमएच खोटे कमी आणि इस्ट्राडिओल खोटं जास्त दिसतं. सीए-१२५ ही अंडाशयाच्या कॅन्सरसाठीची रक्ततपासणी करतील, ती करू द्या, पण तिच्यावर फार विसंबू नका. साध्या फायब्रोमाबरोबर पोटात आणि छातीत पाणी झालं तरी तिचा आकडा चढतो.

अंडाशयाच्या गाठीत सुई घालून पाणी किंवा तुकडा काढायला मात्र नाही म्हणा. ग्रॅन्युलोसा असेल आणि ऑपरेशनमध्ये ती फुटली तर स्टेज १ए ची १सी१, म्हणजे वरची, होते. गाठ अखंड, पिशवीत घालून बाहेर यायला हवी आणि पोटातलं धुवण तपासायला जायला हवं. गर्भाशयही या वेळी अखंडच निघायला हवं. फायब्रॉइड समजून केलेल्या ऑपरेशनांत साधारण ३५० मध्ये एकीला न ओळखलेला सार्कोमा असू शकतो असा अंदाज अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ साली मांडला आणि मशिनने तुकडे करण्याविरुद्ध इशारा दिला, तो याच कारणाने.

ऑपरेशन चालू असताना फ्रोझन सेक्शन, म्हणजे तुकडा गोठवून झटपट तपासणी, करतील. त्यावरून अंडाशयाची गाठ कोणत्या कुळातली हे बऱ्याचदा कळतं, पक्कं नाव कळेलच असं नाही. पक्क्या तपासणीत एक जुना, साधा रंग फार उपयोगी पडतो, रेटिक्युलिन. काळे बारीक धागे प्रत्येक पेशीला वेगवेगळं वेढत असतील तर फायब्रोमा किंवा थेकोमा. धागे पेशींच्या पुंजक्याला बाहेरून वेढतात आणि आत पेशी मोकळ्या असतील तर ग्रॅन्युलोसा. त्या पेशींची केंद्रकं कॉफीच्या बीसारखी मधे खाच असलेली दिसतात. इनहिबिन, कॅलरेटिनिन आणि एसएफ१ हे रंग गाठ अंडाशयाच्या स्ट्रोमल कुळातली (गर्भाशयाच्या स्ट्रोमापेक्षा हे वेगळं) असल्याचं सांगतात. पण ताईंच्या बाबतीत एक सापळा आहे : गर्भाशयाच्या स्ट्रोमल सार्कोमातही काही भाग अंडाशयातल्या पेशींसारखे दिसतात आणि तिथे इनहिबिन उमटू शकतं. तेव्हा दोन्ही गाठी एकाच पॅथॉलॉजिस्टने शेजारी-शेजारी ठेवून पाहायला हव्यात. वाद राहिला तर जनुकं मदत करतात. दोन्हींत तोच जेएझेडएफ१ जोड असेल तर आजार एकच. अंडाशयातल्या गाठीत फॉक्सएल२ जनुकातला ठरावीक बदल, सी१३४डब्ल्यू, सापडला तर ती प्रौढ प्रकारची ग्रॅन्युलोसा असण्याची शक्यता फार मोठी. असा बदल बहुतेक सगळ्या प्रौढ ग्रॅन्युलोसा गाठींत असतो, हे २००९ मध्ये दाखवलं गेलं. काही थेकोमांतही तो मिळतो, म्हणून काचेवरच्या चित्राशी जुळवूनच वाचायचा. आणि रिपोर्टात ‘फॉक्सएल२ पॉझिटिव्ह’ असेल तर तो रंग आहे की जनुकाचा बदल, हे विचारा. रंग फायब्रोमातही येतो.

गर्भाशय काढल्यावर ते लगेच लॅबमध्ये उघडायला हवं. फॉर्मॅलिन तासाला जेमतेम १ मिलिमीटर आत शिरतं. बंद गर्भाशय लहान डब्यात कोंबून रात्रभर ठेवलं तर मधला भाग कुजतो, रंग फिके येतात आणि आरएनए हाती लागत नाही. फॉर्मॅलिन नमुन्याच्या दहा पट तरी हवं. आधीच्या ऑपरेशनची जागा अर्जावर काढून दाखवायला सर्जनना सांगा, कारण गाठीचा तळ तिथेच आहे आणि नव्याने झालेला व्रण पेशींच्या घुसखोरीसारखा दिसू शकतो.

दुसरं, चांगलं अंडाशयही काढायचं का, हा प्रश्न आत्ता उघडा ठेवा. लो ग्रेड स्ट्रोमल सार्कोमा बहुधा इस्ट्रोजेनवर पोसतो, म्हणून दोन्ही अंडाशये काढण्याकडे कल असतो. नोड्यूल किंवा सेल्युलर लायोमायोमा निघाला तर ४२व्या वर्षी चांगलं अंडाशय काढायचं कारण उरत नाही, आणि काढलं की हाडांचा, हृदयाचा त्रास लवकर मागे लागतो. निदान पक्कं होण्याआधी हा निर्णय घेऊ नये, असं आम्हाला ठामपणे वाटतं. आणि निदान सार्कोमाचं झालं तर नंतर इस्ट्रोजेनच्या गोळ्या किंवा टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरवरचं औषध, गर्भाशयावर ते इस्ट्रोजेनसारखं वागतं) कुणी सहज लिहून दिलं तरी आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ताईंनी घेऊ नये.

तुमच्या आणि मुलीच्या धोक्याबद्दल. एंडोमेट्रियल स्ट्रोमल ट्यूमर किंवा प्रौढ ग्रॅन्युलोसा घराण्यात उतरतो असं मानलं जात नाही. त्यातले जनुकांचे बदल गाठीतच घडतात, रक्तातून मुलांकडे जात नाहीत. तुम्हाला यासाठी वेगळ्या तपासण्या नकोत. अपवाद अंडाशयाच्या गाठीचा : ती सर्टोली-लायडिग प्रकारची (पुरुषी हॉर्मोन बनवू शकणारी दुर्मिळ गाठ) निघाली तर डायसर१ जनुकाची रक्ततपासणी आणि जनुकीय समुपदेशन ताईंनी घ्यावं, कारण तो बदल कुटुंबात असू शकतो आणि त्यात थायरॉइडच्या गाठी, लहान मुलांत फुप्फुसाची गाठ असे प्रकार दिसतात. तसं निघालं तर तुमची आणि मुलीची तपासणी त्यानंतर ठरेल.